पडद्याला कूर्चेची भिंत

‘कान वाहतोय ना, वाहू दे, मोठेपणी थांबेल,’ म्हणत गोडं तेल घालून वर्षं काढलेले रुग्ण मी कानाचा डॉक्टर म्हणून खूप पाहिले. त्यातल्या काहींचा कान तपासण्याआधीच वासावरून शंका येते. पडद्याचा वरचा भाग आत ओढला जाऊन तिथे कातडीची पिशवी झालेली असते. झडलेली त्वचा तिच्यात साचते आणि पिशवी शेजारचं हाड कुरतडत जाते. जर्मन शास्त्रज्ञ योहानेस म्युलर यांनी १८३८ मध्ये याला कोलेस्टिॲटोमा म्हटलं.

तेव्हाचा प्रश्न माणूस वाचवण्याचा होता, कारण पू मेंदूपर्यंत पोचे. जर्मनीत हाले इथे श्वार्त्झे आणि आयझेल यांनी १८७३ मध्ये छिन्नीने कानामागचं हाड उघडण्याची शिस्तशीर पद्धत मांडली. शतक संपता संपता ‘रॅडिकल’ शस्त्रक्रिया आली: कानाच्या नळीची मागची भिंत, पडदा, हातोडी आणि ऐरण ही कानातली हाडं काढून एकच मोठी पोकळी करायची. जीव वाचे, पण ऐकू कमी येई आणि पोकळी साफ करून घ्यायला जन्मभर फेऱ्या माराव्या लागत.

१९५० नंतर मायक्रोस्कोप हाताशी आला आणि वुलस्टाइन व त्स्योल्नर हे जर्मन सर्जन नवा पडदा बसवू लागले. आधी लावलेली कातडी नीट टिकेना. मग कानशिलाच्या स्नायूवरचं पातळ आवरण आलं. ते छान धरतं, पण मध्यकर्णात हवा खेळत नसेल तर तेही आत ओढलं जातं. म्हणजे रोगाला जुनीच वाट मोकळी.

ही वाट जर्मनीतल्या एसेनचे कानाचे सर्जन हेरमान यांनी अडवली. कूर्चेच्या, म्हणजे कानाच्या लवचीक मऊ हाडाच्या, बारीक पट्ट्या कुडासारख्या शेजारी शेजारी रचून ते पडदा उभारत. १९७० मध्ये त्यांनी नऊ वर्षांचा अनुभव छापला. आम्ही कानाच्या भोकापुढच्या उंचवट्यातून कूर्चा काढतो, एका बाजूचं आवरण तसंच ठेवतो आणि ती अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास तासतो. तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या लागत नाहीत, म्हणून ती तगते. इतकी पातळ केली की आवाजही फारसा अडत नाही.

पण कूर्चेआरपार दिसत नाही. मागे रोगाचा कण राहिला, तर तो झाकलेलाच वाढतो. त्यासाठी एमआरआय किंवा कधी दुसरं ऑपरेशन लागतं. म्हणून कान कोरडा झाला, ऐकू येऊ लागलं, तरी मी केसपेपरवर पुढची तारीख लिहितोच.