सोपाऱ्याहून लंकेला : कुवेणीची कथा

श्रीलंकेच्या इतिहासाची पहिली पाने उलटली की त्यांत आपल्या सोपाऱ्याचे नाव सापडते, हे आपल्या मंडळातील पुष्कळ भगिनींना ठाऊक नसेल. ‘महावंस’ हा त्या देशाचा जुना पाली ग्रंथ इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या सुमारास महानाम नावाच्या भिक्षूने रचला, असे मानतात. त्यात ‘सुप्पारक’ म्हणून जे बंदर येते, ते आपले सोपारेच असे विद्वान म्हणतात. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा ग्रंथातला मजकूर भाचीने इंग्रजी भाषांतरावरून वाचून मला समजावून दिला. गेल्या वर्षी ह्यांच्याबरोबर आणि जाऊबाईंबरोबर तो मुलूख पाहण्याचा योगही आला.

आमचा पहिला मुक्काम नेगोम्बोला होता. कोलंबोच्या उत्तरेस सुमारे ३५ किलोमीटरांवर हे गाव आहे. एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला आत पसरलेले खारे सरोवर. त्याचे तोंड अरुंद असून तेथूनच समुद्राचे पाणी आतबाहेर करते. काठाला आपल्या तिवरांसारखीच झाडी. किनाऱ्यावर चटया अंथरून मासळी वाळत घातलेली, आणि बायका वाकून ती उलटीपालटी करीत होत्या. पोर्तुगीजांनी तेथे किल्ला बांधला, तो १६४४ साली डचांनी कायमचा घेतला. आज किल्ल्याच्या आवारात तुरुंग आहे. गावात जागोजागी ख्रिस्ती देवळे. वसईच्या माणसाला तेथे परकेपणा वाटत नाही.

आता कथा ऐका. विजय नावाचा राजपुत्र फार उन्मत्त निघाला. प्रजेने गाऱ्हाणे केले, तेव्हा बापाने त्याला आणि त्याच्या ७०० सोबत्यांना अर्धे डोके भादरून गलबतात घातले व देशोधडीला लावले. त्यांच्या बायका दुसऱ्या गलबतात, मुले तिसऱ्या. विजय सुप्पारकाला उतरला. पण सोबत्यांच्या दांडगाईमुळे तेथे राहणे धोक्याचे झाले आणि त्याला पुन्हा समुद्रावर जावे लागले. बायकांचे गलबत कोठल्याशा बेटाला लागले. त्या बायकांचे पुढे काय झाले, ह्याविषयी ग्रंथ फारसे काही सांगत नाही.

विजय लंकेला पोचला. तेथे कुवेणी नावाची यक्षिणी झाडाखाली सूत कातीत बसली होती. तिने त्याच्या माणसांना पकडले. पण विजयाने तिचे केस धरून तलवार उगारली, तेव्हा तिने माणसे सोडली, तांदूळ दिले, सगळ्यांना जेवू घातले. पुढे तिच्याच सांगण्यावरून त्याने यक्षांना मारले आणि राज्य मिळवले. तिला त्याच्यापासून एक मुलगा व एक मुलगी झाली.

मग राज्याभिषेकासाठी कुलीन राणी हवी असे ठरले. दक्षिणेतल्या मदुरेहून राजकन्या मागवली आणि कुवेणीला निघून जाण्यास सांगितले. ती मुलांना घेऊन, रडत, आपल्या माणसांच्या नगरीकडे गेली. त्यांनी तिला फितूर समजून एका बुक्कीत ठार केले. मुले डोंगरात पळाली. विजयाने ३८ वर्षे राज्य केले. पण त्याला वारस राहिला नाही, शेवटी राज्य पुतण्याकडे गेले.

आमच्या वाटाड्याचे म्हणणे, “आपल्या लोकांचा घात केला, त्याचे फळ मिळाले.” जाऊबाई तेथल्या तेथे म्हणाल्या, “अहो, मानेवर तलवार असताना बाई दुसरे काय करणार?” मला जाऊबाईंचेच पटले. घात केला म्हणून दोष द्यायचा, तर त्या घाताने मिळालेल्या राज्यावर बसणाराला निर्दोष कसे म्हणावे?

ही कथा शब्दशः इतिहास नव्हे, हेही सांगितले पाहिजे. विजयाचा काळ इसवी सनापूर्वी सहावे शतक धरतात. म्हणजे ग्रंथ सुमारे १००० वर्षांनी लिहिला गेला. अनुराधपुरास केलेल्या उत्खननात तर इसवी सनापूर्वी नवव्या शतकाच्या सुमाराची, लोखंड वापरणाऱ्या लोकांची वस्ती सापडली आहे. म्हणजे विजय येण्यापूर्वीच तेथे माणसे नांदत होती. कथेने त्यांना यक्ष म्हटले. पहिले कोण आणि उपरे कोण, हा वाद त्या देशाला फार महाग पडला. १९८३ ते २००९ पर्यंत तेथे यादवी चालली. म्हणून जुन्या कथा जपून वाचाव्यात असे मला वाटते.

आपल्या सोपाऱ्यालाही जुनी साक्ष आहेच. बुरुड राजाच्या कोटात १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी ह्यांनी स्तूप उकरून काढला. अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही येथेच मिळाला. मंडळाची सहल दूर नेण्यापूर्वी एकदा तेथे न्यावी.

आणखी एक विनंती आहे. मंडळाच्या पहिल्या वहीत कित्येक भगिनींची नोंद ‘अमक्यांच्या मातोश्री’, ‘तमक्यांच्या मंडळी’ अशीच आहे. त्यांतल्या काही वयस्क बायका अजून आपल्यात आहेत. त्यांची स्वतःची नावे आणि त्यांनी केलेली कामे विचारून ह्या वर्षीच लिहून ठेवावीत. मी दर गुरुवारी दुपारी वही घेऊन बसण्यास तयार आहे.