चार भुजा व क्षेत्रफळ : लीलावतींतील एक इशारा

नुकतेंच एका स्नेह्यांनीं मोजणीचें एक जुनें टिपण आम्हांस दाखविलें. त्यांत शेताच्या चार बाजूंची लांबी काठ्यांनीं दिली आहे. कर्ण अथवा लंब दिलेला नाहीं. समासांत मागाहून कोणीं वेगळ्या हातानें बिघे काढून ठेविले आहेत. समोरासमोरच्या बाजूंच्या बेरजांचीं अर्धें घेऊन त्यांचा गुणाकार करावयाचा, ही त्याची रीति. आम्हीही प्रथम तो आंकडा प्रमाण मानिला होता. पुढें लीलावती उघडली, तेव्हां भ्रम फिटला.

ही रीति ब्रह्मगुप्तानें शके ५५० (इ. स. ६२८) मधील ब्राह्मस्फुटसिद्धांतांत दिली आहे, परंतु तो तिला स्थूलच म्हणतो. त्याची सूक्ष्म रीति अशी : चारी भुजांच्या बेरजेच्या अर्धांतून एकेक भुजा वजा करावी, चारी बाक्यांचा गुणाकार करावा व त्याचें वर्गमूळ घ्यावें. मात्र ज्याचे चारी कोनबिंदु एकाच वर्तुळावर येतात, अशाच चौकोनास ती खरी ठरते.

भास्कराचार्यांनीं शके १०७२ (इ. स. ११५०) मधील लीलावतींत नेमकें यावरच बोट ठेविलें आहे. कर्ण वा लंब न सांगतां चौकोनाचें निश्चित फळ विचारणारास ते पिशाच म्हणतात, व उत्तर देणारास त्याहूनही अधिक! त्यांचें उदाहरण पाहावें. प्रत्येक भुजा २५, म्हणजे परिमिति १००. कर्ण ३० व ४० असतां फळ ६००. कर्ण १४ व ४८ असतां ३३६. कर्ण परस्परांशीं समान असतां ६२५. वरील दोन्ही रीतींनीं मात्र तिन्ही वेळां ६२५ च येतात. बांध तेवढाच, पण जमीन जवळजवळ निम्मी!

सभासदाच्या बखरींत पांच हात पांच मुठींची काठी, वीस काठ्या औरसचौरस बिघा व १२० बिघ्यांचा चावर, असें मान आहे. त्यांतील औरसचौरस हा शब्द व्यर्थ नव्हे. वीस काठ्यांच्या चार भुजा तिरप्या बसविल्या, तर ४०० चौरस काठ्या भरत नाहींत.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति इतकीच कीं, टिपणांत कर्ण, लंब अथवा आकृति असल्यास ती नकलेंत अवश्य उतरावी. आणि नुसत्या चार बाजू असल्यास बिघ्यांचा आंकडा छातीठोकपणें छापूं नये. फार तर, एवढ्या बाजूंत याहून अधिक जमीन मावणार नाहीं, असें सूक्ष्म रीतीवरून म्हणतां येईल. त्या स्नेह्यांच्या टिपणावर आम्हीं तेवढेंच लिहून तें परत केलें.