खानेसुमारी आणि कुळाचा शोध

ता. १७ फेब्रुवारी १८८१ च्या रात्रीं ठाणें जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांतून गणनाकार घरोघर फिरले. तत्पूर्वीं १८७२ सालीं मुंबई इलाख्याची खानेसुमारी झालीच होती. परंतु बहुतेक साऱ्या देशाची मोजणी एकाच रात्रीं करण्याचा हा पहिलाच प्रयत्न. आधीं घरांवर गेरूनें आंकडे घातले जात. मग तक्ता भरून ठेवीत. आणि नेमलेल्या रात्रीं कोण जन्मास आलें, कोण वारलें, कोण पाहुणा उतरला, हें पाहून तो दुरुस्त करीत. रात्रहि शक्यतों चांदणी आणि जत्रा-लग्नें टाळून निवडलेली असे. १९३१ पर्यंत दर दहा वर्षांनीं हा क्रम चालला. १९४१ सालीं एका रात्रीची अट सोडून देण्यांत आली.

त्या तक्त्यांत नांव, धर्म, जात, वय, मातृभाषा, जन्मस्थान आणि धंदा यांचे रकाने होते. म्हणूनच अंबरनाथ-बदलापुराकडील एखाद्या तरुणास आपल्या पणज्याचा ठावठिकाणा हवा असला, कीं त्याला प्रथम इंग्रजी अमदानींतील खानेसुमारी आठवते. हा शोध आतां केवळ हौसेचा राहिलेला नाहीं. जातीच्या दाखल्याची पडताळणी होतांना जुन्या नोंदी मागितल्या जातात, आणि मुलाचें शिक्षण वा नोकरी कित्येकदां त्या एका कागदावर अडून राहते.

शोध करणाराची समजूत मुळांत चुकीची नसते. ती फक्त दुसऱ्या देशाला लागू पडणारी असते. इंग्लंडांत १८४१ पासूनच्या खानेसुमारीचीं नांवनिशीवार पुस्तकें जपून ठेविलेलीं आहेत, आणि शंभर वर्षें उलटलीं कीं तीं लोकांस खुलीं होतात. १९२१ चे तक्ते जानेवारी २०२२ मध्यें खुले झाले. तेथील १९३१ चे कागद १९४२ सालच्या आगींत भस्म झाले, ही त्यांची मोठी हानि समजली जाते. हिंदुस्थानांत मात्र आगीची गरजच पडली नाहीं. बेरजा पुऱ्या झाल्या, कीं नांवांचे तक्ते निरुपयोगी ठरवून नष्ट करीत.

ही रीत कशी होती, हें पाहण्याजोगें आहे. १९०१ सालापासून प्रत्येक माणसाबद्दल एकेक चिठी लिहिली जाऊं लागली. चिठीच्या रंगावरून धर्म ओळखावयाचा. स्त्री कीं पुरुष, विवाहित कीं विधुर, हें खुणांवरून. या चिठ्या खणांत वांटून मोजीत. चिठीवर वय येई, जात येई, धंदा येई. नांव येत नसे. मूळ तक्त्यांतहि सर्व नांवें होतींच असें नाहीं. परक्या माणसापुढें घरांतील बायकांचीं नांवें सांगण्यास घरधनी नाखूष असल्यास, नुसतें ‘स्त्री’ असें लिहिण्याची मुभा होती. सरकारास माणसें मोजावयाचीं होतीं, ओळखावयाचीं नव्हतीं. पुढें १९४८ च्या कायद्यानेंहि खानेसुमारीच्या नोंदी पाहण्याचा हक्क कोणास दिला नाहीं.

मग उरलें काय? उरले ते छापील ग्रंथ. मुंबई इलाख्याचें १८८१ चें काम बेन्स यांनीं पाहिलें, १९०१ चें एन्थोवेन यांनीं. त्यांतून कुळाचें नांव निघत नाहीं, पण कुळाभोंवतालचें जग दिसतें: जिल्ह्यांत कोणत्या जातीचे किती लोक होते, किती लिहितेवाचते होते, परजिल्ह्यांतून किती आले, हें सर्व तेथें सांपडतें. आणखी एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. सिंध प्रांत १ एप्रिल १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यांतच मोडत होता. त्यामुळें १९३१ पर्यंतच्या खानेसुमारींत सिंधचे आणि ठाण्याचे आंकडे एकाच इलाख्याच्या ग्रंथांत आले आहेत. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणींत सिंधी निर्वासित येऊन राहिले आणि १९४९ सालीं त्या वसाहतीस उल्हासनगर हें नांव मिळालें. त्यांचे आजे आणि शेजारच्या अंबरनाथचे आगरी, हे परस्परांस कधीं न पाहतांहि, अशा रीतीनें एकाच मोजणींत पूर्वींच मोजले गेले होते.

नांवें शोधावयाचीं तर दुसऱ्या दप्तरांकडे वळावें लागतें. १९०३ च्या कायद्यानें मुंबई इलाख्यांत हक्कनोंदीची पद्धति सुरू झाली. तेव्हांपासूनच्या फेरफारांत, जमीनधारक वारल्यावर त्याचे मुलगे आणि विधवा यांचीं नांवें वारस म्हणून लागलेलीं आढळतात. दोनतीन पिढ्यांची वंशावळ त्यांतून उभी राहते. गांवच्या जन्ममृत्यूच्या नोंदी, शाळेचें दाखलखारीज रजिस्टर, आणि नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या, हींहि साधनें आहेत. खानेसुमारी आधीं चाळून मग या दप्तरांकडे जावें, म्हणजे कोणत्या काळचें कुटुंब कोठें शोधावें, याचा अदमास येतो.

परंतु ज्याच्या नांवें जमीन नाहीं, त्याचें काय? बदलापूरच्या आसपासचे कातकरी कोळशाच्या भट्ट्यांवर आणि वीटभट्ट्यांवर ऋतूप्रमाणें हिंडत. फेरफार त्यांचा नाहीं, पूर्वीं शाळाहि फारशी नव्हती. खानेसुमारीचा गणनाकार हाच बहुधा त्यांचें नांव कागदावर उतरविणारा पहिला सरकारी माणूस. आणि नेमका तोच कागद टिकला नाहीं. उल्हासनगरच्या सिंधी कुटुंबाची अडचण निराळी. त्याची जमीन आणि तिचें दप्तर सीमेपलीकडे राहिलें. मागें टाकलेल्या मालमत्तेचे दावे नोंदविण्यासाठीं १९५० सालीं कायदा झाला. तेव्हां केलेला अर्ज घरांत जपलेला असेल, तर वाडवडिलांचें नांव आणि गांव त्यांत मिळूं शकतें. ज्याचें घरदार तेथेंहि नव्हतें, त्याला तोहि आधार नाहीं.

अशा घरांत वडील माणसांची आठवण हेंच दप्तर होय. तें कोणत्याहि कचेरींत ठेवलेलें नसतें, आणि माणूस गेलें कीं त्याच्याबरोबर जातें. म्हणून आजीला तिच्या आजीचें नांव विचारून, गांव आणि साल यांसह तें वहींत लिहून ठेवणें, हें जुन्या खानेसुमारीनें अपुरें ठेवलेलें काम आहे. तें करण्यास सरकारी हुकूम लागत नाहीं. फक्त आजी हयात असावी लागते.