केशदान: चिमुकलीच्या कापलेल्या वेणीचं पुढे काय होतं?

सात-आठ वर्षांची मुलगी, एका हातात कापलेली वेणी, दुसऱ्या हातात प्रमाणपत्र. ‘कॅन्सरग्रस्तांसाठी चिमुकलीचं केशदान’ अशा मथळ्याचा फोटो अधूनमधून सगळ्यांच्याच मोबाइलवर येतो. खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग लागते. ती वेणी पुढे कुठे जाते, हे मात्र पोस्टमध्ये क्वचितच असतं.

आधी केस का जातात ते पाहू. केमोथेरपीची औषधं वेगाने विभागणाऱ्या पेशींवर मारा करतात. कॅन्सरच्या पेशी तशा असतात, पण केसांच्या मुळांतल्या पेशीही तशाच. म्हणून उपचार सुरू झाल्यावर साधारण दोन ते चार आठवड्यांत उशीवर केसांचे पुंजके दिसू लागतात. उपचार संपल्यावर काही महिन्यांत केस बहुतेक वेळा परत येतात. डोक्याला रेडिएशन दिलं असेल, तर काही वेळा येतही नाहीत. आणि विग लागतो तो फक्त कॅन्सरच्या रुग्णांना, असंही नाही. चाई पडून संपूर्ण डोक्यावरचे केस गेलेली मुलं असतात. अमेरिकेतल्या ‘लॉक्स ऑफ लव्ह’ या संस्थेकडून विग घेणाऱ्यांत अशी मुलं बरीच आहेत.

ब्रिटनमधल्या ‘लिटल प्रिन्सेस ट्रस्ट’ची सुरुवातच एका अडचणीतून झाली. कॅन्सर झालेल्या हॅना टार्पली या लहान मुलीसाठी चांगला विग शोधताना तिच्या आई-वडिलांची दमछाक झाली, कारण लहान डोक्याच्या मापाचे विग सहज मिळत नव्हते. ती गेल्यानंतर २००६ मध्ये तिच्या स्मरणार्थ ही संस्था उभी राहिली. मुंबईत ‘कोप विथ कॅन्सर – मदत ट्रस्ट’ दान केलेल्या केसांचे विग गरजू रुग्णांपर्यंत पोहोचवते.

किती लांब केस चालतात, याचं उत्तर संस्थेनुसार बदलतं. लॉक्स ऑफ लव्हला किमान १० इंच लागतात, आपल्याकडे बहुधा १२ इंच सांगितले जातात. इतकी लांबी कशाला? विगमध्ये केस जाळीत दुमडून गाठवतात किंवा पट्टीवर शिवतात, त्यात काही भाग खर्ची पडतो. उरलेल्यातून कट द्यायचा असतो. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतात, म्हणजे १२ इंचांसाठी दोन वर्षांहून जास्त काळ जातो. आठ वर्षांच्या मुलीसाठी हा तिच्या आयुष्याचा चौथा हिस्सा झाला! आणि तरीही तिच्या एकटीच्या वेणीत विग होत नाही. रंग आणि पोत जुळणाऱ्या अनेकींच्या वेण्या एकत्र कराव्या लागतात.

पार्लरच्या फरशीवरून गोळा केलेले केस का घेत नाहीत, याचंही कारण साधं आहे. केसाच्या पृष्ठभागावरचे सूक्ष्म खवले मुळाकडून टोकाकडे झुकलेले असतात. उलटसुलट केस एकत्र आले की खवले एकमेकांत अडकतात आणि विगचा गुंता होतो. म्हणून केस धुऊन, पूर्ण वाळवून, वेणी किंवा पोनी दोन्ही बाजूंना रबरबँडने घट्ट बांधून मगच वरच्या रबरबँडच्या वर कात्री लावायची. ओलसर केस पाकिटात बुरशी धरतात आणि सगळी मेहनत कचऱ्यात जाते. ब्लीच केलेले केस बहुतेक ठिकाणी नाकारतात. रंग किंवा मेंदी लावली असेल, तर आधी विचारलेलं बरं.

तिरुपतीला अर्पण केलेले केस ही वेगळी गोष्ट. देवस्थान त्यांचा लिलाव करतं आणि ते व्यापारात जातात.

घरात मात्र खरा प्रश्न लांबीचा नसतो. ‘पोरीच्या जातीचे केस कापायचे?’ म्हणणारी आजी एकीकडे, व्हिडिओ काढायला उत्सुक बाबा दुसरीकडे, आणि मुलीला कोणी नीट विचारलेलंच नसतं. केस तिचे आहेत. मान्य करूनही आरशात पाहिल्यावर ती रडू शकते. शाळेत चिडवतीलही. किती केस जाणार हे आधी पट्टीने मोजून दाखवलं, तर तिला नेमकी कल्पना येते, आणि कात्री लावण्याआधी ‘नको’ म्हणाली तर तिथेच थांबता येतं.

पलीकडच्या मुलालाही निवड हवीच. मुंबईच्या उकाड्यात विग टोचतो, घाम येतो. काही मुलं तो शाळेत किंवा लग्नकार्यात तेवढा घालतात आणि घरी आल्याबरोबर काढून टोपी चढवतात.