विजेची पेटी आणि यवतमाळचें अंतर

यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारी अरुंद मापाची आगगाडी सुरू झाली, ती वऱ्हाडचा कापूस वाहून नेण्यासाठीं. ११३ किलोमीटरांचा हा मार्ग संपला कीं मुंबईची मोठी गाडी धरावयाची आणि पुढें आणखी सहाशें किलोमीटरांवर प्रवास करावयाचा. १९५० नंतरच्या दशकांत दारव्ह्याकडील एखाद्या मुलाचा पाय पोलिओनें लुळा पडला, आणि त्याच्या बापाच्या कानीं मुंबईच्या नव्या उपचारांची वार्ता गेली, तर त्याला पहिला विचार पडे तो या अंतराचा. मुंबईस एकदां जाऊन येणें शेत गहाण टाकूनही साधतें. पण हा उपचार एकदां घेण्याचा नव्हताच.

मुंबईंतील हकीकत थोडक्यांत अशी. स्वतःच्या मुलीला पोलिओ झाल्यामुळें ज्या या कार्यांत पडल्या, त्या फातिमा इस्माईल यांनीं १९४७ सालीं अशा मुलांसाठीं चिकित्सालय काढलें. १९५२ सालीं शहरांत पोलिओची मोठी सांथ आली. पुढील वर्षीं सरकार, महापालिका व जागतिक आरोग्य संघटना यांच्या सहकार्यानें परळच्या के. ई. एम. रुग्णालयांत भौतिकोपचाराची शाळा निघाली. नुसतें यंत्र आणून भागत नाहीं, तें चालविणारा शिकलेला हात लागतो, हें त्या सांथीनें पटविलें.

विजेनें व्याधि हटविण्याची कल्पना मात्र फार जुनी. पहिल्या शतकांतील रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस हा डोकेदुखीवर व वातरक्तावर जिवंत विद्युत्-मासा लावावयास सांगे. १८३१ सालीं फॅरडेनें प्रवर्तित प्रवाहाचा शोध लाविला, आणि १८५५ सालीं फ्रान्समध्यें ड्युशेन यानें नेमक्या एका स्नायूवर ओले विद्युद्ध्रुव टेकवून तो कसा हालवावा, याचा ग्रंथ प्रसिद्ध केला. विद्या अशी मार्गी लागत असतांना भोंदूही मागें राहिले नाहींत. सर्व रोगांवर गुणकारी म्हणून विजेचे पट्टे युरोप-अमेरिकेंत धडाक्यानें खपले, आणि चांगल्या डॉक्टरांनाही विजेचें नांव घेण्याची कांहीं काळ लाज वाटूं लागली.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास इंग्लंडांत जखमी सैनिकांसाठीं वापरलेली स्मार्ट-ब्रिस्टो पेटी ही या उपचाराची खरी ओळख. उपचारक एका हातानें ओली गादी स्नायूवर धरी आणि दुसऱ्या हातानें तारेच्या वेटोळ्यांतील लोखंडी गाभा सरकवी. गाभा आंत गेला कीं प्रवाह वाढून स्नायू आंवळे. बाहेर आला कीं सैल पडे. पेटी बॅटरीवर चाले. म्हणजे ज्या गांवांत दिवाही विजेचा नाहीं, तेथेंही ती चालली असती. अडचण होती ती गाभा धरणाऱ्या हाताची, आणि तो हात आठवड्यामागून आठवडे मिळण्याची.

शिवाय त्या हाताला पारख हवी. फॅरडेचा तुटक प्रवाह स्नायूला हालवितो तो त्याच्या मज्जातंतूच्या द्वारें. मज्जातंतु मेला असेल तर स्नायू त्या प्रवाहाला ओ देत नाहीं. गॅल्व्हानीच्या नांवाच्या संथ प्रवाहानें तेवढा मंदपणें वळवळतो. पोलिओचें विष पृष्ठरज्जूंतील पेशींवरच घाला घालतें. मेलेली पेशी कोणत्याही पेटीनें उठत नाहीं. कांहीं पेशी वांचल्या असतील तरच, स्नायूला पुनः कामाची आठवण देतां येते, आणि तीही रोजच्या व्यायामाच्या जोडीनें. मज्जातंतुहीन स्नायूला विजेनें हालवीत ठेवल्यानें कितपत लाभ होतो, यावर वैद्यांचें एकमत झालेलें नाहीं. ऑस्ट्रेलियाच्या सिस्टर केनी यांचा तर भर गरम शेक व स्नायूंच्या शिकवणीवरच होता. मुलाला घेऊन आलेल्या बापाला हें सर्व सांगणें, हें उपचारकाचें सर्वांत अवघड काम.

वेदनेचें प्रकरण निराळें. १९६५ सालीं मेल्झॅक व वॉल यांनीं असें मांडलें कीं, स्पर्शाच्या जाड तंतूंना चेतविल्यास वेदनेच्या बारीक तंतूंचा निरोप पृष्ठरज्जूच्या दाराशींच अडवितां येतो. ठेंच लागली कीं आपण बोट चोळतों, त्यांतलें मर्म थोडेंबहुत हेंच. या विचारामुळें कातडीवरून सौम्य प्रवाह देणारीं यंत्रें पुढें आलीं, आणि होतां होतां पेटी खिशांत मावण्याइतकी झाली. तिनें मिळणारा आराम बहुधा तात्पुरता असतो, सर्वांना मिळतोच असें नाहीं, आणि हृदयांत पेसमेकर बसविलेल्यानें ती डॉक्टरांच्या संमतीवांचून लावूं नये.

१९६९ सालीं शेजारच्या वर्धा जिल्ह्यांत सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय झालें. खुद्द यवतमाळला तें १९८९ सालीं झालें. भारतांतील पोलिओचा शेवटचा रोगी १३ जानेवारी २०११ रोजीं बंगालमध्यें आढळला. आतां या पेटीपाशीं बसतो तो बहुधा कंबरदुखीचा, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचा किंवा पक्षाघाताचा रोगी. मूर्तिजापूरची गाडीही आतां धावत नाहीं. पेटीवरचें बटण दाबतांना उपचारक मात्र जुनीच सूचना देतो: झटका लागला कीं त्याबरोबर स्वतः पाय आंवळा.