जुनी जीप थांबते कशी? ब्रेक, टायर आणि रबराचा इतिहास

१९४८ साल. काश्मीरमध्ये युद्ध पेटले होते आणि सैन्याला डोंगरी वाटांवर चालणारी वाहने हवी होती. लंडनमधील भारताचे उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी एका परदेशी कंपनीशी जुन्या, दुरुस्त केलेल्या जीप खरेदी करण्याचा करार केला. व्यवहार सुमारे ८० लाख रुपयांचा होता आणि त्यातील मोठी रक्कम आगाऊ दिली गेली. प्रत्यक्षात भारतात पोहोचल्या १५५ जीप, आणि त्याही सैन्याने वापरण्यायोग्य मानल्या नाहीत. प्रकरण संसदेत गाजत राहिले. अखेर ३० सप्टेंबर १९५५ रोजी गृहमंत्री गोविंद वल्लभ पंत यांनी ते संपल्याचे जाहीर केले. स्वतंत्र भारतातील पहिला मोठा घोटाळा म्हणून ‘जीप प्रकरण’ आजही आठवले जाते.

त्याच्या राजकीय बाजूवर पुष्कळ लिहिले गेले आहे. हा धागा मात्र त्या करारातील एका साध्या शब्दाविषयी आहे: ‘दुरुस्त केलेली’. जीप दुरुस्त झाली, असे कधी म्हणावे? रंग चढला म्हणजे? इंजिन धडधडू लागले म्हणजे? आज अनेक तरुण वडिलांची किंवा आजोबांची जुनी जीप अंगणात उभी करून तिला पुन्हा चालती करू पाहतात. त्यांच्यासमोर हाच प्रश्न असतो, आणि त्याचे उत्तर बॉनेटखाली नसून चाकांच्या आत असते. गाडी चालते कशी याचा इतिहास पोलादाचा आहे. ती थांबते आणि जमीन धरते कशी याचा इतिहास बव्हंशी रबराचा आहे.

प्रथम जीपच्या जन्माकडे वळू. जुलै १९४० मध्ये अमेरिकन सैन्याने एका हलक्या, चारही चाकांना शक्ती देणाऱ्या वाहनाची मागणी १३५ उत्पादकांकडे नोंदवली. पेनसिल्व्हेनियातील बटलर गावच्या बँटम या छोट्या कंपनीने कार्ल प्रॉब्स्ट यांच्या आराखड्यावरून पहिला नमुना तयार केला. त्यासाठी मुदत होती ४९ दिवसांची! २३ सप्टेंबर १९४० रोजी ती गाडी मेरीलँडमधील होलाबर्ड येथील सैनिकी तळावर हजर झाली. एवढ्या अवधीत सर्व भाग नव्याने घडवणे अशक्य होते, म्हणून ॲक्सल स्टुडबेकरच्या एका प्रवासी मोटारीच्या ॲक्सलमध्ये फेरफार करून घेतले गेले. पुढे विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी मिळून युद्धकाळात सुमारे ६ लाख ४० हजार जीप बांधल्या. रणांगणासाठीच जन्मलेल्या या वाहनाचे पाय असे नागरी मोटारींच्या घराण्यातले आहेत.

ब्रेकचेही तसेच. युद्धकालीन जीपच्या प्रत्येक चाकात ९ इंची ड्रम असतो आणि त्यात दाब पोहोचतो तो द्रवामार्फत. ही पद्धत माल्कम लॉकहीड यांनी विकसित केली. विमानांसाठी प्रसिद्ध असलेल्या लॉकहीड घराण्यातलेच ते. त्यांची कल्पना सरळ होती. बंद नळीतील द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो. मग पायाच्या दाबाने चारही चाके एकसारखी का थांबवू नयेत? १९२१ मध्ये ड्यूसेनबर्ग या महागड्या मोटारीत चारही चाकांना असे ब्रेक आले. १९२४ मध्ये क्रायसलरने ते अधिक सामान्य ग्राहकापर्यंत आणले.

या दोन वर्षांच्या मध्ये एक बारीकशी गोष्ट घडली, आणि माझ्या मते तिच्याकडे इतिहासाने पुरेसे लक्ष दिलेले नाही. लॉकहीड यांच्या मूळ रचनेत सिलिंडरमधील द्रव अडवण्यासाठी कच्च्या चामड्याच्या वाट्या होत्या आणि त्या गळत. क्रायसलरच्या अभियंत्यांनी तेथे रबराच्या वाट्या बसवल्या. द्रवाच्या दाबावर चालणारे ब्रेक विश्वासार्ह झाले ते या बोटाच्या पेराएवढ्या रबरी वाटीमुळे. तरीही हेन्री फोर्ड यांचा द्रवावर विश्वास बसेना. पायापासून चाकापर्यंत पोलादच असावे, हा त्यांचा हट्ट १९३९ च्या मॉडेलांपर्यंत टिकला. त्यानंतर दोनच वर्षांत त्यांची कंपनी द्रवाचे ब्रेक असलेल्या जीप हजारोंनी बांधू लागली.

आता अंगणात येऊ. जुन्या जीपचे चाक काढताना पहिलाच धडा नटांचा. युद्धकालीन जीपमध्ये डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांचे आटे उलटे असतात. चाकाच्या फिरण्याने नट सैल होऊ नये, हा त्यामागचा हेतू. हे ठाऊक नसलेला माणूस पाना लावून जोर करीत राहतो, नट अधिकच आवळला जातो आणि शेवटी बोल्ट तुटतो. म्हणून जोर लावण्यापूर्वी आटे कोणत्या दिशेने गेले आहेत ते पाहावे. गाडी केवळ जॅकवर ठेवून तिच्याखाली कधीही शिरू नये. उरलेल्या चाकांना अडण लावावी आणि ॲक्सलखाली भक्कम लोखंडी घोड्या द्याव्यात.

ड्रम निघाला की आत काळी भुकटी दिसते. ती फुंकू नये आणि हवेच्या झोताने उडवू तर मुळीच नये. त्या काळच्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे, आणि त्याचे सूक्ष्म तंतू फुप्फुसात गेले की बाहेर येत नाहीत. भुकटी ओली करून फडक्याने टिपावी आणि ते फडके पिशवीत बंद करून टाकून द्यावे. ‘मूळचे भाग जपले पाहिजेत’ असे म्हणणारे काही हौशी जुने लायनरही जपू पाहतात. ते संग्रहालयाच्या काचेआड शोभतील. रस्त्यावर धावणाऱ्या गाडीत त्यांना स्थान नाही.

यानंतर व्हील सिलिंडर. त्याच्या दोन्ही तोंडांची रबरी टोपणे उचलली की बहुधा गंज आणि चिकट गाळ हाती लागतो. याचे कारण ब्रेकच्या द्रवाच्या स्वभावात आहे. सुरुवातीच्या काळात हा द्रव एरंडेल आणि अल्कोहोल यांचे मिश्रण असे. होय, आपल्या आजीच्या फडताळातले एरंडेलच. नैसर्गिक रबराला ते इजा करीत नाही, म्हणून निवडलेले. पुढे ग्लायकॉल वर्गातील द्रव आले. ते हवेतील ओलावा शोषून घेतात. आज सर्वत्र मिळणाऱ्या डॉट ३ प्रतीच्या ताज्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा मुरलेल्या द्रवासाठी ही मर्यादा १४० अंशांवर येते. घाट उतरताना ड्रम तापतो, ओलसर द्रवाची वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पायाखालचा पेडल थेट फळीला टेकतो. कोकणात उतरणाऱ्या घाटांत जुनी गाडी चालवणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाडीत हेच पाणी सिलिंडरच्या भिंती खात बसते.

आपल्याकडे या द्रवाला सर्रास ‘ब्रेक ऑइल’ म्हणतात, आणि या नावाने अनेकांचा घात केला आहे. ऑइलच ना, मग इंजिनातले थोडे घातले तर काय बिघडले? बिघडते ते असे: खनिज तेल लागले की ब्रेकच्या रबरी वाट्या फुगतात, सिलिंडरमध्ये अडकतात आणि ब्रेक सुटेनासे होतात. मग एकूण एक रबर बदलावे लागते आणि नळ्या धुऊन काढाव्या लागतात. सिलिंडरची भिंत बारीक घासून गुळगुळीत होत असेल तर ठीक. खड्डे खोल असतील तर नवा सिलिंडर घ्यावा; जुन्याला नवी वाटी बसवून वेळ मारून नेऊ नये. पोलादी नळ्या बाहेरून चांगल्या दिसल्या, तरी आतून गंजलेल्या असू शकतात. लवचीक रबरी नळ्या तर वय पाहूनच बदलाव्यात.

शेवटी हवा काढणे. मास्टर सिलिंडर युद्धकालीन जीपमध्ये चालकाच्या पायाखालच्या फळीखाली असतो. त्याच्यापासून सर्वांत दूरच्या चाकापासून आरंभ करून जवळच्या चाकापर्यंत यावे. एकाने पेडल दाबून धरावा, दुसऱ्याने निपल किंचित उघडून बुडबुडे जाऊ द्यावेत, आणि निपल पुन्हा बंद होईपर्यंत पहिल्याने पाय उचलू नये. हे काम दोघांचे आहे. भावाभावांमध्ये बोलाचाली होते ती बहुधा याच टप्प्यावर!

एक ऐतिहासिक मर्यादा मात्र कितीही कौशल्याने पुसता येत नाही. या जीपमध्ये चारही चाकांसाठी द्रवाचा एकच मार्ग आहे. कोठेही एक नळी फुटली की चारही ब्रेक जातात. अमेरिकेत प्रवासी मोटारींना दुहेरी मार्ग बंधनकारक झाला तो १९६८ मध्ये. तोवर शिल्लक राहणारा आधार म्हणजे हँडब्रेक, आणि जीपमध्ये तो चाकांवर नसून ट्रान्स्फर केसच्या मागील शाफ्टवर काम करतो. म्हणून तो शोभेचा समजू नये. पायाचे ब्रेक जमले की त्याच दिवशी तोही जमवावा. दुहेरी मास्टर सिलिंडर बसवला तर गाडीचा ‘अस्सलपणा’ जातो का, यावर हौशी मंडळींत अखंड वाद चालतो. गाडी रहदारीत नेणार असाल तर तो बसवावा, आणि जुना सिलिंडर चिठ्ठी लावून जपून ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. युद्धकाळात अमेरिकन सैन्याने देखभालीच्या पाच पायऱ्या ठरवल्या होत्या आणि पहिली पायरी खुद्द चालकाची होती. भाग झिजणार आणि बदलले जाणार, हे त्या व्यवस्थेत गृहीतच होते.

टायरांची कथा याहून मोठी आहे. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले. मलायाचे आणि पाठोपाठ डच ईस्ट इंडीजचे मळे जपानच्या हाती गेले आणि जगाच्या नैसर्गिक रबराचा सुमारे नऊ दशांश पुरवठा दोस्त राष्ट्रांना बंद झाला. सिलोन आणि दक्षिण भारतातील मळ्यांचे मोल रातोरात वाढले. जून १९४२ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी अमेरिकन जनतेला जुने रबर जमा करण्याचे आवाहन केले. एका पौंडाला एक सेंट या दराने लोकांनी जुने टायर, रेनकोट, बागेतल्या नळ्या पेट्रोल पंपांवर आणून टाकल्या. त्या वर्षअखेरीस देशभर पेट्रोलचे रेशनिंग आले. त्याचा मुख्य हेतू पेट्रोलपेक्षा टायर वाचवणे हा होता. ताशी ३५ मैलांची वेगमर्यादाही त्याचसाठी. दुसरीकडे स्टायरीन आणि ब्युटाडाईन यांपासून कृत्रिम रबर बनवण्याचे कारखाने सरकारी पैशाने उभे राहिले, आणि काही वर्षांतच त्यांचे उत्पादन लाखो टनांवर गेले.

जीपच्या ६.००-१६ मापाच्या टायरवरील आडव्या, दोन्ही बाजूंना सारख्या कंगोऱ्यांविषयी एक आख्यायिका फार लोकप्रिय आहे. गाडी कोणत्या दिशेने गेली हे शत्रूला माग पाहून कळू नये, म्हणून म्हणे ही नक्षी. कथा रंजक आहे, पण या नक्षीचे रोजचे उपयोग अधिक साधे होते: टायर कोणत्याही बाजूला बसवता येतो आणि चिखलात पुढे-मागे सारखीच पकड मिळते. ओल्या डांबरावर मात्र हीच नक्षी घसरते. पावसाळ्यात जीप चालवणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

युद्धकालीन ‘कॉम्बॅट’ रिम दोन अर्ध्या भागांची असते आणि ते भाग आठ नटांनी जोडलेले असतात. यामुळे साध्या हत्यारांनी टायर बदलता येई. मात्र टायरमध्ये हवा असताना हे नट सैल केले, तर रिमचा अर्धा भाग तोफेच्या गोळ्यासारखा उडतो. व्हॉल्व्हची आतली सुई काढून सगळी हवा जाऊ द्यावी, आणि त्यानंतरच त्या आठ नटांना हात लावावा. यात अपवाद नाही.

भारतातील बहुतेक हौशींच्या अंगणात युद्धकालीन नव्हे, तर मुंबईची जीप असते. १९४५ मध्ये ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ या नावाने पोलादाचा व्यापार करणारी कंपनी मुंबईत सुरू झाली. त्यातील गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाले. विलीजच्या जीप सुट्या भागांत आणून मुंबईत जोडण्याचे काम त्याच दशकात सुरू झाले, आणि १९५४ पासून टप्प्याटप्प्याने उत्पादन. उंच बॉनेटची सीजे-३बी अमेरिकेत १९६८ मध्ये बंद झाली, तरी भारतात ती पुढेही बनत राहिली. पश्चिम महाराष्ट्रात ‘वडाप’ म्हणून माणसे वाहणारी जीप याच वंशातली.

या गाड्यांना टायर घेताना चारही एकाच मापाचे, एकाच झिजेचे घ्यावेत. पुढील आणि मागील ॲक्सलमध्ये डिफरन्शियल नसल्याने, फोर-व्हील लावल्यावर घेरातील लहानसा फरकही ट्रान्स्फर केसच्या दातांवर ताण आणतो. आणि नुसती नक्षी शिल्लक आहे म्हणून टायर चांगला समजू नये. उन्हात उभ्या गाडीचे रबर न चालताही म्हातारे होते. कडेला बारीक भेगा दिसल्या की त्याचे आयुष्य संपले.

तारखेचा सांकेतिक क्रमांक छापलेला असेल तेथे वय वाचताही येते. चार आकडे असतील तर पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे: ‘३२१४’ म्हणजे २०१४ चा बत्तिसावा आठवडा. केवळ तीन आकडे असतील तर टायर २००० पूर्वीचा आहे, आणि शेवटचा आकडा दशकातील वर्ष तेवढे सांगतो, दशक नव्हे. ज्यांच्या घरी जुनी जीप उभी आहे, त्यांनी आज चारही टायर आणि स्टेपनी यांवरचे आकडे पाहावेत आणि खाली लिहावेत. तीन आकड्यांचा टायर कोणाकडे निघाला, तर छायाचित्रही टाकावे. त्या गाडीवर फेरी मारण्याआधी मात्र तो उतरवावा.