तिरपें वळण आणि सुटा खिळा

श्रीगोंदा, म्हणजेच पूर्वींचें चांभारगोंदें, हें गांव संशोधकांस दोन कारणांनीं परिचित आहे. ‘योगसंग्राम’कर्ते संत शेख महंमद यांचें तें स्थान, पुढें शिंदे घराण्याचे वाडेही तेथें उभे राहिले. पोथी व दप्तर या दोन्ही परंपरांशीं निगडित अशा या गांवापासून मराठी अक्षराच्या दोन वळणांचा विचार सुरू करणें सोयीचें आहे.

सामान्यतः पोथी बालबोधींत आणि कारभाराचा कागद मोडींत. बालबोध अक्षर सुटें व उभें. मोडींत आधीं ओळभर शिरोरेघ आंखून तिच्याखालीं, बोरू शक्य तों न उचलतां, अक्षरें जोडीत जावयाचें. हात वेगानें चालला म्हणजे अक्षर उजवीकडे कलतें.

हाच भेद इटलींतही होता. तेथील कारकुनी जलद वळण आल्दुस मानुतिउस याच्या व्हेनिस येथील छापखान्यासाठीं फ्रांचेस्को ग्रिफ्फो यानें पोलादांत कोरलें, आणि १५०१ सालीं व्हर्जिलचें काव्य त्या तिरप्या खिळ्यांनीं छापून निघालें. पुढें पार्मा येथें बोदोनी (१७४०–१८१३) यानें उभ्या व तिरप्या दोन्ही वळणांत जाड आणि बारीक रेघांमधील अंतर पराकाष्ठेस नेलें. नामपृष्ठास व मथळ्यास शोभणारें डौलदार तिरपें अक्षर तें हेंच. कारकुनाचा हात अशा रीतीनें खिळ्यांत टिकून राहिला.

मोडीस खिळा मुळींच लाभला नाहीं असें नव्हे. विल्यम केरीचा मराठी कोश १८१० सालीं श्रीरामपूर येथें (बंगालमधील; नगर जिल्ह्यांतील नव्हे) निघाला, त्यांतील मराठी शब्द मोडी खिळ्यांत आहेत. परंतु खिळा सुटा, आणि मोडीचें सौष्ठव जोडणींत. शिवाय स्वर लागतांच कित्येक व्यंजनांचें रूपच पालटतें. मुंबईस जावजी दादाजी यांनीं १८६४ सालीं टाईपाची ओतशाळा व १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना काढला. राणोजी रावजी आरू यांनीं कोरलेल्या ठशांनीं बालबोधीस जें भरदार, नेटकें रूप आलें, तेंच छापील मराठीचें प्रमाण ठरलें. मोडी दप्तरांतच राहिली.

बालबोध अक्षर तिरकें केलें म्हणजे ही उणीव भरून निघेल काय? तसें होत नाहीं. रोमन लेखणीची धार कागदावर डावीकडून उजवीकडे चढती धरतात, बालबोधी बोरूची उतरती. त्यामुळें उभी रेघ उजवीकडे कलली कीं रोमन अक्षरांत ती बारीक होते, बालबोधींत जाड. यंत्रानें नुसत्या ढकललेल्या अक्षरांत ही जाडी येत नाहीं. तें तिरपें दिसतें, लिहिलेलें दिसत नाहीं.

२०१४ सालीं युनिकोडमध्यें मोडीचा समावेश झाला, आणि संगणकास अक्षरजोडणी व रूपपालट साधतो. अडचण आतां नमुन्याची. आपण मोडी कागद बालबोधींत उतरवून छापतों. मजकूर वांचतो, पण अक्षराचा कल, बोरूचा छाट, जोडणीची रीत हें सर्व गळतें. कागदाचा काळ व लेखकाचा हात ओळखण्यास हींच साधनें. नव्या अक्षरास आधारही हींच. तेव्हां श्रीगोंद्याचा असो वा अन्य कोठील, प्रत्येक कागदाच्या लिप्यंतराबरोबर मूळ पृष्ठाचें स्पष्ट छायाचित्र छापणें व जतन करणें हें संग्राहकांनीं आपलें कर्तव्य मानावें.